दिलेली दाद परत घ्यायची नसते

पोरा,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला, तो मी तीनदा वाचला. पहिल्या दोन वेळा तुझं कौतुकच वाटलं, तिसऱ्या वेळी शेवटच्या दोन ओळी नीट वाचल्या आणि डोकं तापलं, म्हणून रात्री उत्तर दिलं नाही. आज सकाळी बसलोय लिहायला. लांबेल, वेळ काढून वाच.

"काका, मी खरा फॅन नाही का?" या प्रश्नावर मी वेळ घालवणार नाही. उत्तर तुला माहीत आहे आणि तुला शिव्या घालणाऱ्यांनाही माहीत आहे. फुटबॉलच्या मॅचमध्ये समोरच्या टीमच्या दहा नंबरने आपल्या ग्राउंडवर येऊन दोन गोल मारले, दुसरा तर तिघांना चकवून, आणि तू जागेवरून उठून टाळ्या वाजवल्यास. यात समजावण्यासारखं काय आहे? तू पाच-सहा वर्षं स्वतः खेळलायस, तिघांतून बॉल काढणं म्हणजे काय ते तुला कळतं, हात उठणारच.

माझा राग पुढच्या गोष्टीवर आहे. तुमच्या फॅन ग्रुपवर सगळे तुटून पडले तेव्हा तू लिहिलंस, "अरे मी त्याला चिडवायला वाजवत होतो, सिरीयसली घेऊ नका." आणि खाली हसणारे दोन चेहरे. हे का लिहिलंस रे? गप्प बसला असतास तरी चाललं असतं, ग्रुप सोडला असतास तरी चाललं असतं. तू दिलेली दाद परत घेतलीस. त्या मुलाने आयुष्यातला एक चांगला खेळ आपल्या मैदानावर खेळून दाखवला, तुला तो दिसला, तू पावती दिलीस आणि चार तासांनी ती पावती फाडलीस, तीही कुणासाठी तर ज्यांनी तो गोल होताना मान खाली घातली होती त्यांच्यासाठी.

दिलेली दाद परत घ्यायची नसते. हे मी या पत्रात अजून दोन वेळा म्हणणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

आता मला यातलं काय कळतं ते सांगतो. हे मी आजवर एका माणसाखेरीज कुणाला सांगितलेलं नाही, घरातही नाही.

मी सतरा वर्षांचा होतो. मी नेहमी कॉर्नर फ्लॅगजवळच्या रेलिंगला उभा राहायचो, तिथून टचलाईन, म्हणजे मैदानाची कडेची रेषा, इतकी जवळ की खेळाडूंचा श्वास ऐकू यायचा. माझ्या शेजारी कायम एक आजोबा असायचे, हातात काळी छत्री, मॅचभर फार बोलायचे नाहीत. त्या दिवशी पाऊस होता, ग्राउंडचा चिखल झालेला, आपण एक गोलने मागे. त्यांचा एक लेफ्ट विंगर होता, डाव्या कडेने चढाई करणारा, बारका, मोजे घोट्यापर्यंत खाली आलेले. त्यांच्या गोलकीपरने लांब किक मारली आणि बॉल पार वरून खाली आला तो बरोबर माझ्यासमोर, रेलिंगपासून दोन हातांवर. आपला राईट बॅक, उजवीकडचा डिफेंडर, मागून धावत येत होता, मला त्याच्या बुटांचा चपचप आवाज येत होता. त्या विंगरने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. डावा पाय उचलला, बॉल बुटाच्या बाहेरच्या अंगाला टेकला आणि त्याच क्षणी पाय खाली खाली आणला, झोपलेलं मूल कुणाच्या हातातून आपल्या हातात घ्यावं तसा. इतका चिखल होता पण एक थेंब उडाला नाही. बॉल पायाशी थांबला आणि तो तिथेच अर्धा वळला. आपला राईट बॅक घसरत घसरत त्याच्या पुढून थेट जाहिरातीच्या बोर्डावर.

माझ्या तोंडून "वा!" गेलं. मोठ्याने. तेवढ्यात नेमकी स्टँडमध्ये शांतता होती.

राईट बॅक उठला, अर्धं तोंड चिखलाने भरलेलं, आणि त्याने आमच्या बाजूला पाहिलं. मागून आवाज आला, "कोण रे तो?" मी समोर बघत राहिलो. पुन्हा आवाज आला, या वेळी शिवीसकट. आणि शेजारचे आजोबा म्हणाले, "मी. चांगला घेतला बॉल त्याने. तुम्ही पाहिला नाहीत का?"

मागच्या पोरांनी त्यांची छत्री हिसकावली आणि मैदानाकडे भिरकावली. ती कॉर्नर फ्लॅगच्या पलीकडे उघडी पडून राहिली. उरलेली पस्तीस मिनिटं आजोबा पावसात उभे होते, चष्म्यावरून पाणी ओघळत होतं, आणि ते मॅच बघत होते. मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि मी काहीही बोललो नाही. पुढच्या मॅचला ते समोरच्या स्टँडमध्ये दिसले, एकटे, वरच्या पायरीवर. मी ठरवलं की मध्यंतरात जाऊन सांगू. गेलो नाही. त्यापुढच्या मॅचलाही गेलो नाही. पुढच्या सीझनला ते आलेच नाहीत.

आता कळलं ना तुझ्या त्या दोन ओळी वाचून माझं काय झालं असेल? तू खोटं बोललास, मी गप्प बसलो, फरक फार नाही. म्हणून सांगतो की हे आत्ताच दुरुस्त कर, आठवडाभरात कर. माझी चाळीस वर्षं गेली आणि ते दुरुस्त करायला माणूसच उरला नाही.

तुमच्या ग्रुपवरचा मोठा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो तेव्हाही हाच होता. "आपल्या ग्राउंडवर त्यांच्या प्लेयरला टाळ्या म्हणजे आपल्या पोरांचं खच्चीकरण." चल, हे तपासून बघू.

२००३ चा एप्रिल, ओल्ड ट्रॅफर्ड, चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल. रिअल माद्रिदने पहिला लेग, म्हणजे दोन मॅचमधली पहिली, ३-१ ने जिंकलेला. दुसऱ्या लेगमध्ये रिअलकडून खेळणाऱ्या ब्राझीलच्या रोनाल्डोने मँचेस्टर युनायटेडच्या घरात हॅटट्रिक मारली, तिसरा गोल तर लांबून सणसणीत. ६७ व्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं तेव्हा युनायटेडचे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. लक्षात घे, मॅच संपलेली नव्हती, त्यांना अजून गोल हवे होते आणि हा माणूस त्यांना स्पर्धेबाहेर काढून चालला होता. मग खच्चीकरण झालं का? त्या टाळ्यांनंतर बेकहॅमने, जो सब म्हणून आला होता, दोन गोल मारले आणि ती मॅच युनायटेडने ४-३ ने जिंकली. दोन्ही लेग मिळून ६-५ ने हरले ते वेगळं. पण टाळ्यांनी कुणाचे पाय जड झाले नाहीत.

आणि त्या लोकांनी ते विसरायचा प्रयत्नही केला नाही, हे मला फार आवडतं. त्याच मैदानावर तीन वर्षं आधी, २००० मध्ये, रेडोंडो नावाच्या रिअलच्या मिडफिल्डरने डाव्या टचलाईनवर हेनिंग बर्गला टाचेने चकवलं होतं. बॉल बर्गच्या एका बाजूने, स्वतः दुसऱ्या बाजूने, पुढे जाऊन बॉल पुन्हा पकडला आणि राऊलला आयता गोल दिला. युनायटेड तेव्हा चॅम्पियन होते आणि त्या २-३ च्या पराभवाने बाहेर गेले. आजही युनायटेडच्या जुन्या लोकांकडे आपल्या मैदानावर पाहिलेल्या परक्या खेळाडूंचा विषय काढ, रेडोंडोची टाच निघतेच. तो गोलही नव्हता, नुसता पास होता, पण ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोक्यात तो पक्का बसलाय.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची आहे, घाईत वाचू नकोस. तुमच्या ग्रुपवर सध्या आपल्या लेफ्ट बॅकला शिव्या चालल्या असतील. चालल्याच असणार. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, दोनदा मात खाल्ली, म्हणजे आता तो बेकार, आळशी, त्याला हाकला. हे असंच होतं रे. समोरचा भारी होता हे मान्य करायचं नाही म्हटलं की दोष कुणाच्या तरी डोक्यावर बसवावाच लागतो, आणि तो आपल्याच माणसाच्या डोक्यावर बसतो.

रिअल माद्रिद-बार्सिलोनाची ती मॅच तुला पाठ आहे, १९ नोव्हेंबर २००५, बार्सिलोना ३-० ने जिंकली, पहिला गोल एटोचा आणि पुढचे दोन रोनाल्डिन्योचे. दोन्ही डावीकडून आत घुसून. सगळ्यांना आठवतं ते हे की रिअलच्या घरातले, बर्नाबेऊमधले लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, बार्साच्या माणसाला, बर्नाबेऊमध्ये. पण तू ते गोल परत बघ आणि या वेळी रोनाल्डिन्योकडे बघू नकोस, त्याच्या मागे पडलेल्या डिफेंडरकडे बघ. तो सर्जिओ रामोस आहे. एकोणीस वर्षांचा, त्याच सीझनला सेव्हियाहून आलेला. दोन्ही वेळा मागे पडला. त्या दिवशी लोकांनी म्हटलं असतं की रोनाल्डिन्योचं काय कौतुक, आपला पोरगाच बेकार आहे, तर? तोच रामोस पुढे सोळा सीझन तिथे खेळला, वर्ल्ड कप जिंकला, आणि २०१४ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये ९३ व्या मिनिटाला हेडर मारून त्यानेच क्लबला दहाव्या युरोपियन कपच्या (चॅम्पियन्स लीगचं जुनं नाव) दारात नेलं. आता काही लोक म्हणतात त्या टाळ्या रोनाल्डिन्योला नव्हत्याच, स्वतःच्या टीमवर आणि मॅनेजमेंटवर राग काढायला होत्या. काहींच्या असतीलही. तसल्या टाळ्या तू कधी वाजवू नकोस. आपल्या पोरांना टोचायला दुसऱ्याचं कौतुक करणं ही दाद नाही, तो दुसऱ्याच्या हाताने मारलेला फटका आहे. आणि तू ग्रुपवर स्वतःच्या टाळ्यांना "चिडवायला" म्हटलंस तेव्हा तूही त्यांना तसल्याच रांगेत नेऊन बसवलंस.

माझ्या त्या राईट बॅकचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. खूप वर्षांनी तो मला आपल्याच ग्राउंडच्या गेटवर भेटला, खेळणं केव्हाच थांबलेलं, गुडघे गेलेले. मी धीर करून म्हटलं की त्या पावसातल्या मॅचला "वा" म्हणणारा मी होतो. त्याला आठवत होतं. म्हणाला, "ते 'वा' मला नाही लागलं, तो बॉल मीही पाहिला होता की. त्यानंतर आपल्याच लोकांनी मॅच संपेपर्यंत मला शिट्ट्या वाजवल्या ना, त्या लागल्या." एवढंच बोलला आणि आत गेला. मी त्या मॅचला आतच गेलो नाही, बाहेरच उभा राहिलो.

म्हणून म्हणतो, दिलेली दाद परत घ्यायची नाही. ती परत घेतलीस की तिची किंमत आपला लेफ्ट बॅक भरतो.

आणि शिकण्याचं काय? १९५३ चं वेम्बली घे. २५ नोव्हेंबर, हंगेरीने इंग्लंडला ६-३ हरवलं. युरोपातल्या मुख्य भूमीवरची कुठलीच टीम त्याआधी इंग्लंडला त्यांच्या घरात हरवू शकली नव्हती. हंगेरीच्या पुश्काशचा तो गोल, इंग्लंडचा कॅप्टन बिली राईट सरळ अंगावर आला आणि पुश्काशने बुटाच्या तळव्याने बॉल मागे ओढला, राईट घसरत निघून गेला, आणि डाव्या पायाने बॉल आत. (माझा विंगर आठवला ना? मला दर वेळी आठवतो.) त्या दिवशी स्टेडियममध्ये लाखभर माणूस होता. "आज नशीब नव्हतं" म्हणत घरी जाणारेही त्यात असतील. पण काहींनी जे दिसलं ते मान्य केलं, की यांचा सेंटर फॉरवर्ड हिडेगकुटी पुढे उभाच राहत नाही, तो मागे येतो आणि आपल्या सेंटर हाफला कळत नाही त्याच्या मागे जायचं की जागा धरायची. हिडेगकुटीने त्या गोंधळात हॅटट्रिक मारली. पुढे मँचेस्टर सिटीने आपल्या फॉरवर्डला, डॉन रेव्हीला, तसंच मागे खेळवलं, १९५५ ला एफए कपची फायनल गाठली आणि १९५६ ला कप जिंकला. तोंड फिरवून बसणाऱ्याला हे कसं सापडणार?

तू कोचिंगचा कोर्स करायचं म्हणत होतास ना? मग अवे टीमचा एक खेळाडू निवड आणि बॉल त्याच्याजवळ नसताना दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघ. बॉल यायच्या आधी तो किती वेळा खांद्यावरून मागे बघतो ते मोज. पहिला टच कुठल्या पायाच्या कुठल्या भागावर घेतो, आणि तो टच त्याला मोकळ्या जागेत नेतो की अडचणीत. समोरच्या डिफेंडरची कंबर कुठे वळलीय ते बघून तो दुसऱ्या बाजूने जातो का. टीव्हीवर हे दिसत नाही, कॅमेरा बॉलच्या मागे धावतो. हे फक्त मैदानात दिसतं, आणि तेही आपल्या मैदानात सगळ्यात चांगलं दिसतं, कारण इथली प्रत्येक उंचसखल जागा तुला पाठ असते, बॉल कुठे अडतो, पावसात कुठला कोपरा आधी भरतो, आणि तो परका पोरगा पहिल्यांदाच येऊन त्या जागेवर आपल्या पोरांना जमत नाही ते करून जातो. म्हणून होम ग्राउंडवर पाहिलेला परका खेळाडू इतका लक्षात राहतो, पोस्टरवाल्या हिरोपेक्षा जास्त.

माझ्याकडे वह्या आहेत तुला माहीत आहे. त्यात आपल्या टीमचं फार नसतं, ते सगळ्यांनाच पाठ असतं. दर होम मॅचनंतर त्यांचा एक खेळाडू आणि त्याने केलेली एक गोष्ट, एवढंच. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर तो विंगर आहे. तो पुढे कुठे मोठा झाला नाही, दोन-तीन सीझन आला आणि मग दिसला नाही. पण ज्याने तो बॉल घेतलेला पाहिलाय असा मी एकटा जरी उरलो असलो तरी तो बॉल तसाच घेतला गेला होता. आजोबांना त्याचीच काळजी होती बहुतेक. कौतुक त्या माणसाच्या नावाला नव्हतं, घडलेल्या गोष्टीला होतं. ती घडली होती, आणि कुणीतरी उभं राहून हो म्हणायला हवं होतं.

याच कारणाने मी लोकांच्या आवडत्या एका गोष्टीवर थोडा अडतो. बार्साच्या इनिएस्टाला त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी एस्पान्योलच्या मैदानावर जी दाद मिळाली ती मोठीच आहे. त्याने २०१० च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये ११६ व्या मिनिटाला गोल मारला आणि जर्सी काढली तर आतल्या बनियनवर एस्पान्योलच्या दानी हार्केचं नाव, जो आधीच्या ऑगस्टमध्ये सव्वीसाव्या वर्षी गेला होता, त्यांचा कॅप्टन. त्याच डिसेंबरमध्ये बार्सा तिथे ५-१ ने जिंकली तरी एस्पान्योलच्या लोकांनी इनिएस्टासाठी टाळ्या वाजवल्या. वाचताना घसा दाटतो. पण ती दाद माणुसकीला होती, आपल्या गेलेल्या पोराला होती. ती देणं सोपं नसेल पण तिच्यासाठी कुणी कुणाची छत्री फेकत नाही. मी ज्या दादेबद्दल बोलतोय ती निव्वळ खेळाची, ज्याने तुमच्यासाठी काहीही केलेलं नाही उलट तुमचं नुकसान केलंय त्याला दिलेली. १९८० मध्ये कॅम्प नोऊने लॉरी कनिंगहॅमला दिली तशी. रिअलचा इंग्लिश विंगर, बार्साच्या घरात २-० ने जिंकून गेला आणि लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. त्याच कॅम्प नोऊमध्ये २००२ ला, बार्सा सोडून रिअलला गेलेल्या फिगोच्या दिशेने डुकराचं मुंडकं फेकलं गेलं. मैदान तेच. म्हणून "आमच्या स्टँडची परंपराच तशी आहे" असलं मला सांगू नकोस, स्टँडला परंपरा बिरंपरा नसते, त्या दिवशी तिथे जी माणसं उभी असतात तीच असतात.

आणि १९८३ चा मॅराडोना, तेव्हा बार्साचा, बर्नाबेऊत. गोलकीपरला चकवलं, समोर रिकामा गोल, आणि तो थांबला. मागून हुआन होसे घसरत आला तो सरळ पोस्टवर आदळला, आणि मग मॅराडोनाने बॉल आत सरकवला. माद्रिदच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही जण याला अपमान म्हणतात, त्याने मुद्दाम थांबून आपल्या माणसाला हिणवलं. मला तसं वाटत नाही. डिफेंडर येतोय हे त्याला न बघता कळलं होतं, तेव्हा मारला असता तर ब्लॉक झाला असता. मी यावर कितीही वेळ वाद घालायला तयार आहे.

आता माझ्याबद्दल लोक तुला जे सांगतील ते माझ्याकडूनच ऐक. तुझ्या ग्रुपमधल्या कुणाच्या तरी वडिलांनी सांगितलंच असेल. अकरा वर्षांपूर्वी, सीझनची शेवटची मॅच, ड्रॉ हवा होता, नाहीतर खालच्या डिव्हिजनला. त्यांचा स्ट्रायकर पस्तिशी उलटलेला, पळता येत नव्हतं, पण दोन वेळा बॉल त्याच्याकडे आला आणि दोन्ही वेळा त्याला माहीत होतं तो कुठे येणार. दोन टच, दोन गोल. आपण खाली गेलो. त्याला बाहेर काढलं तेव्हा मी उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी माझा मित्र बसला होता, वीस वर्षांचा शेजार, रडत होता. त्याने माझी बाही ओढली, म्हणाला, "आज तरी बस." मी बसलो नाही. तो उठून गेला, तेव्हापासून बोलत नाही.

मी चुकलो का? मी यावर खूप विचार केलाय. माझ्या टाळ्या त्याच्या विरोधात नव्हत्या, मीही त्या रात्री झोपलो नव्हतो. लोक म्हणतात वेळकाळ बघायला हवा होता. पण वेळकाळ बघायला लागलं की ती वेळ कधीच येत नाही, हे मी सतराव्या वर्षीच शिकलोय. ४-० ने जिंकताना समोरच्याचं कौतुक कुणीही करतो. मी त्या दिवशी बसलो असतो तर पावसात उभ्या असलेल्या त्या म्हाताऱ्याला दुसऱ्यांदा एकटं सोडलं असतं, मला तरी तसंच वाटलं. हे मित्राला सांगता आलं असतं. एका हाताने टाळी वाजत नाही, दुसरा हात त्याच्या खांद्यावर ठेवायचा तर वाजवणं थांबवावं लागलं असतं, आणि मी थांबलो नाही. एक मिनिट थांबलो असतो तर... नाही, नकोच. मी वाजवल्या आणि आजही म्हणतो वाजवल्या. दिलेली दाद मी परत घेणार नाही, मित्र परत मिळत असला तरी नाही. तू मात्र शेजारी कोण रडतंय का ते बघत जा.

आता काय करायचं ते ऐक. ग्रुपवर जा आणि एकच ओळ लिही, "मी त्या टाळ्या मनापासून वाजवल्या होत्या." खाली हसणारा चेहरा नको, कारणं नकोत, रोनाल्डिन्योचे व्हिडिओ नकोत, हे माझं पत्र तर अजिबात टाकू नकोस. आधीचा मेसेज डिलीट करू नकोस, राहू दे, लोकांना दिसू दे की तू आधी खोटं बोललास आणि मग खरं बोललास. कुणी काही म्हणालं तर वाद घालू नकोस. मग आपल्या लेफ्ट बॅकबद्दल एक चांगली गोष्ट लिही, आणि ती खरी असेल तरच लिही. शोध, सापडेल. पहिल्या हाफमध्ये त्याने दोन क्रॉस अडवले असं तूच मला मेसेजमध्ये लिहिलं होतंस.

आणि पुढच्या होम मॅचला त्याच जागेवर उभा राहा. त्याच. वरच्या पायरीवर जायचं नाही, समोरच्या स्टँडमध्ये तर मुळीच नाही. कुणी धक्का मारला तर मला सांग, मी येतो. डॉक्टरने अजून तीन आठवडे जिने चढू नका म्हटलंय, पण रेलिंगपर्यंत जिना नाहीये.

अजून एक राहिलं, त्याच्यासाठी मी सकाळपासून अडून बसलोय. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे ही मॅच माझी हुकली, बेचाळीस वर्षांत हुकलेली तिसरी, आणि वहीत त्या पानावर फक्त तारीख आहे. तुझ्या मेसेजमध्ये तू "तिघांना चकवून" एवढंच लिहिलंस. तेवढ्याने माझं भागत नाही. बॉल त्याला मिळाला तेव्हा त्याची पाठ गोलकडे होती की तोंड? पहिल्याला आतून काढलं की बाहेरून? आपला लेफ्ट बॅक घसरला तो आधी घसरला आणि मग याने वळण घेतलं, की वळणामुळे घसरला? शेवटचा शॉट कुठल्या पायाने, आणि मारायच्या आधी त्याने वर पाहिलं का? नीट आठव, घाई करू नकोस, आणि त्याचं नाव पूर्ण लिहून पाठव. ते पान मी पेनने लिहितो, पेन्सिलने नाही.

काका